रिकामी पिशवी

ज्योतीराम फर्स्ट शिफ्ट करून कासारवाडीच्या चाळीत परतला, तेव्हा खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. पलंगाखालची ट्रंक खोलीच्या मधोमध ओढलेली. कुलूप तुटून पडलेलं, त्याच्याशेजारी वरवंटा. आणि त्याची पोर यशोधरा जमिनीवर बसून कात्रीनं लुगडं कापत होती. तिच्या आईचं लुगडं.

केसरला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. तिचे कपडे कुणाला द्यायचे नाहीत, ट्रंक उघडायची नाही, असं ज्योतीरामनं ठरवून टाकलं होतं. का ते त्याला सांगता आलं नसतं. कुलूप होतं तोवर ट्रंकेत केसरचं काहीतरी शिल्लक आहे असं त्याला वाटायचं, एवढंच.

"हे काय चालवलंस?" तो ओरडला. "आईचं लुगडं हाय ते!"

"माहीत आहे मला कुणाचं आहे ते."

"मग? फाडायला दुसरं काही मिळालं न्हाई व्हय गं?"

यशोधरानं कात्री भिरकावली. ती भिंतीवर आपटली आणि बुद्धाच्या तसबिरीखाली पडली. "आई असती तर तिनंच फाडून दिलं असतं," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. "तुम्हाला सांगून काय उपयोग? मला नको हे घर. नको ती नोकरी. उद्यापासून जाणार नाही मी."

ज्योतीराम तुटलेलं कुलूप हातात घेऊन नुसता बसून राहिला.

पोर दुसऱ्या दिवशी कामावर गेली, पण संध्याकाळी तिच्या मागोमाग तिच्या कारखान्यातल्या सुमनताई घरी आल्या. भोसरीच्या त्या कारखान्यात रेडिओच्या पट्ट्यांना तारा डागायचं काम बायकांकडे होतं आणि सुमनताई त्या बायकांवरच्या मुकादम होत्या. यशोधरा तिथं टेंपररी होती. लवकरच कायम होणाऱ्यांची नावं निघायची होती. ज्योतीरामनं पुढे केलेला चहा सुमनताईंनी घेतला नाही. यशोधरा नळावर गेलेली बघून त्या हळूच बोलल्या.

"भाऊ, तुमच्या मुलीसारखा डाग लाइनीत कुणाचा बसत नाही. पण अधूनमधून तिला काय होतं कळत नाही. मागं साहेबाला उलटून बोलली. आज चुकलेल्या पट्ट्या परत आल्या, तर अख्खा ट्रे आपटला. मी झाकलं. आणखी एकदा असं झालं तर माझ्या हातात राहणार नाही. तिला घरी बसवतील."

"आई गेल्यापास्नं पोर अशी झालीय बघा," ज्योतीराम म्हणाला. दुसरं काय सांगणार?

सुमनताई गेल्या. ज्योतीराम मात्र घाबरला. ही नोकरी लागावी म्हणून केसरनं पोरीला मॅट्रिक होईपर्यंत शिकवलं होतं. पोरीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, एवढीच तिची इच्छा होती. तीच नोकरी आता ट्रेसारखी आपटून फुटायला निघाली होती.

आणि गंमत अशी, की दोनतीन दिवसांत यशोधरा पहिल्यासारखी झाली. पीठ मळताना गुणगुणायला लागली. तिनं स्वतःहून ज्योतीरामच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी घातली. कापलेल्या लुगड्याची घडी करून ट्रंकेत ठेवली आणि म्हणाली, "दादा, चुकलं माझं. त्या दिवशी मलाच कळत नव्हतं मी काय करतेय." ज्योतीराम आणखीच चक्रावला. दुःख असं ठरावीक वेळी येतं आणि जातं होय?

शेजारच्या खोलीत तानुबाई राहायची. मावळातल्या जुन्या घरातली बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी कासारवाडीला आलेली. तोंडानं फटकळ, पण केसरच्या आजारात रात्रंदिवस तीच उशाशी होती. ज्योतीराम तिला मावशी म्हणायचा. अंगणात ती तांदूळ निवडत बसली होती, तिच्यासमोर तो उकिडवा बसला.

"मावशी, पोरीचं काय करावं कळंना."

"ऐकलं मी सगळं. भिंत काय मोठी जाड हाय?" तानुबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "अवसेचं काही असंल. बघून घ्यावं कुणाकडनं तरी."

"आमी ते सगळं सोडलं मावशी. अवस न्हाई न् देवऋषी न्हाई."

"सोडलं तर सोडलं. पर अवसेनं तुला सोडलं का?"

"अवस कुठली? साहेबाशी भांडली तवा टिपूर चांदणं होतं. मी स्वतः तिला आणायला फाट्यापतुर गेलो होतो."

तानुबाईचा हात सुपात थांबला. तिनं ज्योतीरामकडे बघितलं आणि ती खुदकन हसली.

"आरं माज्या बाबा! मग ही आभाळातली अवस न्हवं. तुझ्या घरात बाई बाहेर बसती का?"

"न्हाई. केसरनं ते बंद केलं. दीक्षा घेतली तवापास्नंच."

"लई बेस केलं तिनं. आमच्यात अजून बसत्यात. कोपऱ्यात घोंगडं टाकून, सगळ्या चाळीला दिसंल असं. लाज वाटती बघ. पर एक हाय, घरातल्या गड्याला न सांगता कळतं. तुझ्या घरात कळणार कसं? तुझी पोर भांडली, की मागनं दोन दिसांनी तिची अडचण येती. मी नळावर बघते ना. आधी फणफणती, रडती, छातीला धक्का लागू देत न्हाई. अडचण आली की गार. आन् तू म्हणतोस, आई गेल्याचं दुःख."

ज्योतीरामचे कान गरम झाले. असलं बोलणं त्यानं जन्मात कुणा बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. उठून जावंसं वाटलं, पण तो उठला नाही.

"म्हंजी आई असताना पन व्हायचं हे?"

"तर! केसरच निभवायची सगळं. ती पिशवी आठवती का? दाराच्या खिळ्याला लावायची ती?"

आठवत होती. निळ्या पट्ट्यांची कापडी पिशवी. कधीकधी सकाळी केसर ती दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. मग संध्याकाळी मायलेकी दोघीच बाहेर पडायच्या, आणि कितीतरी वेळानं हात हलवत परत यायच्या. पिशवी रिकामी. ज्योतीराम दारात बसून चेष्टा करायचा, "पिंपरीच्या मंडईत भाजी संपली वाटतं?" आणि केसर म्हणायची, "आवडली नाही आम्हाला."

"मंडईत न्हाई जायच्या त्या," तानुबाई म्हणाली. "रुळाच्या कडंनं नदीपतुर चालायच्या. पोरीला जड दिस आले की केसर पिशवी लावायची. म्हंजी त्या दिवशी पोरीला कुणी काम सांगायचं न्हाई, टोकायचं न्हाई. मला पन ठाऊक होतं. मी बी तवा वाद घालत नसे."

"मला न्हाई सांगितलं तिनं."

"तुला काय सांगायचं? तू भाजी मागत बसायचास."

ज्योतीरामला हसू आलं. इतकी वर्षं ती पिशवी त्याच्या डोळ्यांसमोर होती. घरात भांडणं नव्हती ती आपोआप नव्हती, त्यामागं कुणीतरी चालत होतं.

पोरीला एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवू, असं तानुबाईनंच सुचवलं, पण यशोधरा यायला तयार नव्हती. "मला वेड लागलंय का?" तिनं विचारलं. ज्योतीराम म्हणाला, "माझ्या गुडघ्याला औषध आणायचंय. सोबत चल." दवाखान्याच्या दारात त्यानं खरं सांगून टाकलं. ती रागानं लाल झाली, पण परत फिरली नाही. तानुबाई तिला घेऊन आत गेली. ज्योतीराम बाहेर बाकावर बसून टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी त्यालाही आत बोलावलं. यशोधरा खाली बघत होती, पण तिचा चेहरा सैल झाला होता.

"मुलगी म्हणाली, वडिलांनाही सांगा, म्हणून बोलावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे वेड नाही आणि नाटकही नाही. पाळी यायच्या आधी काही दिवस शरीरात बदल होतात. अंगावर सूज वाटते, छाती दुखते, झोप लागत नाही, राग येतो, रडू येतं. पाळी सुरू झाली की ओसरतं. पुष्कळ बायकांना होतं. कुणाला कमी, कुणाला जास्त. हिला जास्त होतं."

"औषध?"

"एका गोळीत जाईल असं औषध माझ्याकडे नाही. पण सांभाळता येतं. त्या दिवसांत मीठ हात राखून, चहा कमी. उपाशी राहायचं नाही. झोप पुरी घ्यायची. रोज चालायचं. आणि मुख्य म्हणजे, दिवस जवळ आले हे आधी ओळखायचं. राग आला की स्वतःला सांगायचं, हा राग चार दिवसांचा पाहुणा आहे, याच्या नादानं नोकरी सोडायची नाही. एवढं करूनही सोसवेनासं झालं, जगणं नको वाटलं, तर लगेच माझ्याकडे यायचं. लाजायचं नाही."

ज्योतीरामनं घसा साफ केला. "लगीन केल्यावर जाईल का हे, बाई?"

"लग्न हे औषध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तानुबाई पदर तोंडाला लावून हसली. यशोधराही हसली, ते ज्योतीरामनं बघून घेतलं.

घरी आल्यावर त्यानं ट्रंक ओढली. कुलूप तर नव्हतंच. त्यानं केसरची दोन सुती लुगडी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि कापलेलं तिसरं त्यांच्यावर ठेवलं. तळाशी पिशवी होती. अडचणीच्या दिवसांत घड्यांना मऊ कापड लागतं, एवढं त्याला आता कळलं होतं; लुगडी त्यानं पोरीच्या अंथरुणावर ठेवली. पिशवी मात्र त्यानं तिच्या हातात दिली.

"खिळा हाय तिथंच हाय," तो म्हणाला. "तुला वाटलं तर लाव. मी काय विचारणार न्हाई."

बरेच दिवस खिळा रिकामाच राहिला. ज्योतीराम कामावरून येताना आधी दाराकडे बघायचा. त्याला वाटलं, पोरीला हे आवडलं नसावं. बापानं यात पडायला नको होतं. मग एका सकाळी, यशोधरा बस पकडायला गेल्यावर, तो तोंड धुवायला बाहेर आला आणि पिशवी लटकलेली दिसली.

त्या दिवशी त्याला सेकंड शिफ्ट होती. तो कपडे करून तडक कारखान्यात गेला. त्याच्या जागी फर्स्टला भट्टीवर रंगराव होता. घामानं निथळत होता.

"रंगराव, दुपारी माझी शिफ्ट ओढतोस का?"

"दोन शिफ्ट? काय काढलंस ज्योतीराम? सोयरीक बघायला चाललास काय?"

"भाजी आणायचीय," ज्योतीराम म्हणाला.

रंगराव त्याच्याकडे बघतच राहिला. पण माणूस चांगला. "माझी पण एकदा ओढावी लागंल," म्हणाला आणि कबूल झाला.

दुपारभर ज्योतीरामचा जीव टांगणीला लागला होता. भाकरी त्यानंच केल्या, वाकड्यातिकड्या. भाजीत मीठ बेतानंच घातलं. मनात एकच होतं, आज तिकडं काय झालं असेल? सुमनताई पुन्हा मागोमाग येतात की काय, म्हणून तो दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला.

यशोधरा आली ती एकटी. चेहरा ओढलेला होता. दारात बाप पिशवी घेऊन उभा बघून ती थबकली.

"तुमची सेकंड ना आज?"

"रंगराव करतोय. चल."

"कुठं?"

"मंडईत."

चपला पायांत होत्याच. दोघं रुळाच्या कडेनं चालायला लागले. ज्योतीरामच्या पायांना सवय नव्हती, खडी टोचत होती.

"हळू चालू नका हो!" ती एकदम खेकसली. "आई भराभर चालायची."

"चालतो," तो म्हणाला आणि पाय उचलले.

नदी दिसायला लागली तशी ती आपणहून बोलली.

"आजही पट्ट्या परत आल्या. माझ्या नव्हत्याच त्या. माझ्या नावावर टाकल्या."

"मग?"

"हात ट्रेला गेलाच होता. मग म्हटलं, पाहुणा आलाय. उठले, नळावर जाऊन पाणी प्यायले. आणि सुमनताईंना सरळ सांगितलं. ताई, आज माझे दिवस जड आहेत. या पट्ट्या कुणाच्या ते उद्या बघू. आज माझ्याशी कुणी बोलू नका, मला नुसतं काम द्या."

"काय म्हणाल्या?"

यशोधरा थोडी हसली. "त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, अगं बये, मग आधी नाही का सांगायचंस? मी त्या दिवसांत घरी ताटं आपटते. मला शेवटच्या खुर्चीवर बसवलं, खिडकीजवळ. पट्ट्यांचं त्यांनीच बघितलं. दुसरीच्या निघाल्या."

"आन् नावं?"

"यादी सोमवारी लागणार. ताई म्हणाल्या, तुझं आहे त्यात. पण लागेपर्यंत कुणाला बोलू नका."

ज्योतीरामनं तोंड नदीकडे फिरवलं. त्याला केसरला हे सांगायचं होतं, आणि सांगायला ती नव्हती. पोरीनं ते ओळखलं असावं. तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"छाती अजून दुखतेय," ती म्हणाली. "आणि उगाचच रडू येतंय. पण चालल्यावर जरा बरं वाटतं."

"मग चालू की. मला काय घाई न्हाई."

परत आले तेव्हा तानुबाई दारात बसली होती. तिनं रिकाम्या पिशवीकडे बघितलं, मग ज्योतीरामकडे.

"काय रं ज्योतीराम, मंडईत भाजी संपली वाटतं?"

"आवडली न्हाई आमाला," ज्योतीराम म्हणाला, आणि पिशवी खिळ्याला लावून पोरीच्या पाठोपाठ आत गेला.