नव्वद टक्के

माणसाने लावलेल्या शोधांत चाकाच्या खालोखाल मान ‘कृपया थांबा’ या दोन शब्दांचा आहे. हे मत थोडं पक्षपाती असेल, कारण आमच्या इस्पितळाच्या वेबसाइटवर ते शब्द मीच टाकले होते.

तपासणीचा रिपोर्ट पडद्यावर यायला मिनिटभर लागे आणि तोवर पान कोरं दिसे. लोक धास्तावून पुन्हा पुन्हा बटण दाबत, की काम परत पहिल्यापासून सुरू. साहेब म्हणाले, “वेग वाढत नसेल तर निदान लोकांना गुंतवून ठेवा.” मी ‘कृपया थांबा, आपला रिपोर्ट तयार होत आहे’ असं लिहिलं आणि खाली एक हिरवी पट्टी सोडली. आतल्या कामाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती ऐटीत नव्वद टक्क्यांपर्यंत जाई आणि पान येईपर्यंत तिथेच ठाण मांडे. तक्रारी बंद झाल्या. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

निवृत्तीनंतर परवा दुपारी त्याच पट्टीसमोर मी बायकोला घेऊन बसलो. तिच्या गळ्याजवळच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता.

“अहो, साठ झाले! भरभर चाललंय. वाईट असतं तर लिहायला वेळ लागला असता त्यांना.”

“हं.”

पट्टी नव्वदवर थांबली. तिने माझं मनगट धरलं.

“अडलं का हो?”

“शेवटचं जरा किचकट असतं.”

“तुमच्या हातचं ना? मग अडणारच.” ती हसली आणि तिने डोळे मिटून घेतले. “आलं की सांगा.”

आलं. तिसऱ्या ओळीत तो शब्द होता. मी ती ओळ दोनदा वाचली. मग हजारो लोकांना जे करू दिलं नव्हतं, तेच केलं. बटण दाबलं. पान पुसलं गेलं, पट्टी एकपासून निघाली.

तिने डोळे उघडले. “अगंबाई, बाराच? मघाशी नव्वद होते ना?”

“पहिल्यापासून करतंय.”

ती पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ते पान तिच्यासमोर अडतीस वर्षं विनाविलंब उघडत आलंय. पट्टी पन्नासवर गेली, सत्तरवर गेली. तिने माझं मनगट सोडलं नाही.

“बरं,” ती हळूच म्हणाली, “तोवर जरा खुर्ची सरकवा. तिचा पाय माझ्या चपलेवर आलाय.”