व्हिडिओतली मिनल

मिनलने डोक्यावरचा स्कार्फ काढून व्हिडिओ केला, तेव्हा तिला वाटलं, आता तरी बाया ऐकतील. केमोने टक्कल पडलेलं, डोळे खोल गेलेले. ढसाढसा रडत ती म्हणाली होती, "बायांनो, मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालाय. तो होऊ नये म्हणून लस असते, पण माझ्या वेळी ती कुणी सांगितली नाही. तुमच्या पोरींना द्या गं, पाया पडते." मनात मात्र एकच पोर होती, तिची प्राजक्ता. नुकतंच चौदावं लागलेलं. आपण राहू न राहू, पोरीला लस मिळालेली बघायची, एवढ्यासाठी ती जीव धरून होती. नवरा रणजीत हो-नाही करत होता. चार लोकांनी ऐकलं की तोही ऐकेल, असं तिला वाटलं.

पसरला हो, व्हिडिओ पिंपळे गुरवपासून पार चाकणपर्यंत पसरला! पण कसा? कुणा मुडद्याने तिचा आवाज काढून स्वतःचा चिकटवला: "बघा या ताईची हालत. लस घेतली आणि कॅन्सर झाला." टक्कल मिनलचं, रडणं मिनलचं, आणि बोलणारा कोण, तर तिने जन्मात न बघितलेला बाप्या!

रणजीतला तो कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी दाखवला. शिफ्टवरून आला तो बुटांसकट आत. "मला का नाही सांगितलंस?"

"अहो, काय सांगू? मी लस घेतलीच नाही. हा माझा खरा व्हिडिओ, ऐका."

तो ऐकतच होता, तेवढ्यात सासूबाई, तानुबाई, आतून आल्या. "मग भोसरीला कामावर पत्रा लागला तवा दंडात सुई टोचली व्हती, ती कसली?"

"ती धनुर्वाताची, आई. वर्कशॉपात हात कापला की सगळ्यांनाच देतात."

"बाटलीत काय व्हतं, तू बघितलंस व्हय?"

तानुबाई काही दुष्ट नव्हत्या. केमोनंतर सुनेला चमच्याने पेज भरवणाऱ्या त्याच. पदर तोंडाला लावून त्या हुंदके देत होत्या. "सुनेचं असं झालं. नात न्हाई द्यायची म्या."

रणजीत खाली वाकून बूट सोडायला लागला. त्या दिवशी मिनलला सुईसाठी गाडीवर बसवून त्यानेच नेलं होतं, आणि बाटली त्यानेही बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि तानुबाई देवळात गेल्या. मिनलने प्राजक्ताचा हात धरला आणि रिक्षाने सरकारी दवाखाना गाठला. भिंतीला धरून ती रांगेत उभी राहिली. मास्क जरा खाली केला आणि घोटाळा झाला.

"अगं बाई, हीच ती!"

बाया भोवती जमल्या. एकीने तर गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "काय गं दशा झाली तुझी त्या लसीने!"

"मी घेतली नव्हती!" मिनल किंचाळली. "घेतली असती तर कदाचित वाचले असते! खोटा आहे तो व्हिडिओ!" आवाज चिरकला आणि खोकला आला. बायांनी फोन वर केले. एकीने आपली पोरगी ओढत घरी नेली. तिच्यामागे दुसरीही निघाली. रांग मोडत चालली, आणि ती मोडत होती मिनलला बघून. मेलं हे असलं नशीब!

दारातून नर्सने हाक मारली, "प्राजक्ता! आईला घेऊन ये गं."

मिनलने हात ओढला. पोर जागची हलेना.

"चल ना, राजा."

"आई, खरं सांग ना. तू घेतली होतीस का?"

"तुलासुद्धा? अगं, माझा खरा व्हिडिओ ऐकवला ना तुला?"

"ऐकला. पण वर्गात सगळ्यांनी दुसराच बघितलाय. त्यातही तूच रडतेयस."

मिनलने पोटच्या पोरीपुढे हात जोडले. डोळे भरून वाहायला लागले होते. समोरचे फोन अजून वरच होते.