साच्यावरची रेघ

थोरलीने कापलेल्या साबणाच्या वडीचा कोपरा जिभेच्या टोकाला लावला आणि झटकन मागे घेतला. मुंगी डसावी तसा चटका बसला. तिने नळाखाली चूळ भरली, मग वडी खिडकीच्या उजेडात धरली. सुरीखाली जी लोण्यासारखी कापली जायला हवी होती, ती कडेने खडूसारखी भुगा झाली होती.

"परत?" धाकटीने दारातूनच विचारलं.

"परत."

"ताई, राग मानू नकोस, पण तुझा हात हल्ली थरथरतो. कॉस्टिक सोडा जास्त पडत असणार."

थोरलीने हात पुढे धरून पाहिला. बोटं जागच्या जागी होती. पण आपल्या डोळ्यांना दिसतं ते खरंच, असं म्हणायचा धीर तिला आता राहिला नव्हता. नाकावरचा चष्मा नवा होता, धाकटीच्याच सांगण्यावरून केलेला. नंबर फारसा बदललेला नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "डॉक्टरांचं काय जातंय! त्यांना थोडीच वडी चाटायचीय?" धाकटी म्हणाली होती, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

आता धाकटी आत आली. भुगा झालेली वडी तिने हळूच थोरलीच्या हातून काढून घेतली.

"मी काय म्हणते, वजनाचं सोड ना आता तू. वड्यांना कागद गुंडाळायला बस. निवांत काम आहे. तेल आणि कॉस्टिक, दोन्ही मी बघेन."

"बघू," थोरली म्हणाली.

घराच्या मागच्या खोलीतलं हे साबणाचं काम बाबांनी सुरू केलेलं. जाण्याआधी त्यांनी वाटणी करून दिली होती. तेल धाकटीचं, कॉस्टिक थोरलीचं. दोन टेबलं, दोन वजनकाटे. एकीने दुसरीच्या काट्याला हात लावायचा नाही. "दोघी दोन्हीकडे लुडबुडलात तर चूक कोणाची ते कळायचं नाही, आणि नसती भांडणं लागतील," ते म्हणत. थोरलीने हा शब्द देवापुढच्या दिव्यासारखा सांभाळला होता. काट्यापाशी बसली की ती आधी क्षणभर डोळे मिटी, मगच डब्याचं झाकण उघडी.

पहिली वडी आईची, हाही बाबांचाच नियम. आई आता अंथरुणाला खिळलेली, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिच्या पाठीवर लाल चट्टे उठले तेव्हापासून थोरली प्रत्येक घाणा चाखून पाहू लागली होती. तोवर या घरातल्या साबणाला जीभ लावून पाहायची वेळ कधी आलीच नव्हती. बिघडलेल्या वड्यांनी फळी भरत आली होती. त्या फळीखालून जाताना ती मान वर करत नसे.

धाकटी घरी गेल्यावर तिने साचा धुवायला घेतला. लांबट लाकडी पेटी होती ती. इतक्या वर्षांचा साबण जिथवर चढत आला होता तिथे आतून तपकिरी रेघ उमटली होती, विहिरीच्या भिंतीवर पाण्याची उमटते तशी. थोरलीने फडकं फिरवलं आणि थांबली. आजच्या साबणाची ओली कड त्या रेघेच्या चांगली बोटभर खाली होती.

भांड्याला लागून राहिलं असेल, हे तिच्या मनात आधी आलं. साबण हिशेबाइतका कधीच भरत नाही. थोडा पातेल्याला, थोडा पळीला जातोच, आणि धाकटी नेहमी तेच म्हणे. पण पातेलं थोरलीने स्वतः खरवडलं होतं. तिला तसंच टाकवत नसे.

ती फडकं हातात धरून स्टुलावर बसली.

"काजं आठ असतील तर बटणं डबाभर आणा," बाबा त्यांना लहानपणी शिकवत, "लागणार आठच. उरलेली खिशात खुळखुळणार." तेल आणि कॉस्टिकचंही तसंच. जे कमी पडेल तिथे साबण थांबतो आणि दुसरं उरतं. तेल उरलं तर कातडीला मऊ लागतं. कॉस्टिक उरलं तर ते कातडी खातं.

आपल्या हातून कॉस्टिक जास्त पडलं असतं तर वडीने चटका दिला असता, हे खरं. पण मग साबण रेघेखाली का गेला असता? चटकाही आहे आणि साबणही कमी भरलाय.

तिने फडकं पिळलं. पाणी निथळून गेल्यावरही पिळतच राहिली.

सकाळी आईला आंघोळ घालणाऱ्या मावशी आल्या. त्यांचं तोंड बादली भरण्याआधी सुरू होई.

"आज पण नुसतंच पाणी का? बरंच आहे म्हणा. तुमचा साबण म्हणजे सासूचा टोमणा झालाय बाई. बोलते तेव्हा गोड, जळतं मागाहून."

आई पलंगावर हसली. थोरलीही हसली.

"मी म्हणते, धाकट्या ताईंनी मला दिलाय तो लावू का? कसला मऊ आहे! स्वतःच्या नव्या दुकानासाठी वेगळा करून बघतायत म्हणाल्या. घरी नवऱ्याच्या मदतीने करतात ना? तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो," थोरली म्हणाली. "ठाऊक आहे."

तिने टॉवेलची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

मागच्या खोलीत तेलाचं पातेलं मोजून तयार होतं. धाकटी अंगणात फोनवर बोलत होती. थोरली पातेल्यापाशी उभी राहिली. धाकटीच्या काट्याला तिने हात लावला नाही. दोन्ही कानांना धरून पातेलं उचललं, आपल्या टेबलाखालच्या पोती तोलायच्या काट्यावर ठेवलं, आणि बाबांनी बुडाशी कोरलेलं रिकाम्या पातेल्याचं वजन मनातल्या मनात वजा केलं. मग चष्मा काढून आकडा पुन्हा वाचला. तोच होता, ठरल्या मापापेक्षा बराच कमी.

तेल गेल्याचं काही नव्हतं. धाकटीने नुसतं मागितलं असतं तरी तिने डबा उचलून दिला असता, वर पोचवायलाही गेली असती. तिने आपला उजवा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. कित्येक दिवस ती या हाताने आईला पाणी पाजायलाही बिचकत होती.

पातेलं होतं तिथे ठेवून ती आपल्या टेबलाशी बसली. डोळे मिटले. आज जरा जास्त वेळ. मग झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनेच साबण साच्यातून काढला. मागच्या घाण्यासारखाच बोटभर कमी होता, पण सुरी आवाज न करता खाली गेली. कड गुळगुळीत निघाली. तिने भुवया उंचावल्या, कोपरा जिभेला लावला आणि थांबली. पुन्हा लावला.

"ताई, ही तर झोंबतच नाहीये."

थोरली पहिली वडी आईसाठी वाळत ठेवत होती.

"आज कॉस्टिक कमी घेतलंस?"

"तेल होतं तेवढ्यापुरतंच घेतलं."

धाकटीने समोरच्या साच्याकडे पाहिलं, आतल्या तपकिरी रेघेकडे. तिच्या हातातल्या सुरीचं टोक टेबलावर टकटक वाजू लागलं.

थोरलीने ते थोडा वेळ ऐकलं. मग पुढे होऊन सुरी तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

"तू कागद गुंडाळायला बस," ती म्हणाली, आणि उरलेला साबण कापू लागली.