नागिणीची धाकटी बहीण

माणसाने श्रद्धेवर नव्हे, पुराव्यावर जगावं, असं मी नागपूरच्या वर्तमानपत्रांतून चाळीस वर्षं ठणकावून लिहिलं. हे वाक्य मला या उन्हाळ्यात पुन्हा आठवलं. तेव्हा मी मौद्याला, नागीणवाल्या महाराजांच्या मांडवात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून रांगेत उभा होतो.

मांडव गच्च भरलेला. कोणाच्या पाठीवर पुरळ, कोणाच्या बरगडीवर. महाराज पुरळाकडे बघतसुद्धा नव्हते. कमरेभोवती गेरूचं कडं काढायचे, फुंकर मारायचे आणि सांगायचे, नागीण बांधली, आठ-दहा दिवसांत मरते. माझं पुरळ अशा जागी होतं की तिथे न बघणारा वैद्य मला साक्षात देव वाटला.

माझ्या पुढे गांधीबागेतले कापडाचे व्यापारी देवराव होते. त्यांचीही जागा तीच असावी. आम्ही दोघं सारखेच फेंगडे चालत होतो.

"बिनघोर राहा भाऊ," ते म्हणाले. "महाराजाच्या हाताले गुण आहे. मी तिसऱ्यांदा आलो. दरवेळी साफ बरं करते."

एके काळी एवढ्या एका वाक्यावर मी अख्खा लेख पाडला असता. त्या दिवशी मी भक्तिभावाने मान डोलावली.

नंबर आल्यावर देवरावांनी भीत भीत विचारलंच, की बांधली होती तर परत काहून आली?

"थे तं मेली गा," महाराज म्हणाले. "हे तिची लहान बहीण आहे."

मांडव धन्य झाला. मग पथ्य सांगितलं: आंबट नाही, वांगं नाही, आणि कोणाजवळ बोलायचं नाही. बायकोजवळ तर मुळीच नाही, मंत्र उलटतो. वांग्याचं मला वाईट वाटलं, पण शेवटच्या पथ्यासाठी मी महाराजांचे पाय धरले. कारण माझा खरा आजार तोच होता. माझ्या बायकोला, गोपिकेला सांगितलं की ती एकच प्रश्न विचारणार, कुठे गेला होता? आणि 'कुठेच नाही' हे माझं खरंखुरं उत्तर इतकं पडेल होतं की माझाच त्यावर विश्वास बसेना. या वयात संसार मोडायची भीती वाटत होती.

जखमा भरल्या. मी विजयी मुद्रेने हिंडू लागलो. दोन महिन्यांनी साधा ताप आला आणि त्याच्या पाठोपाठ धाकटी बहीण हजर.

या खेपेला मी डॉक्टर भावनांकडे गेलो. त्या त्वचारोग आणि गुप्तरोगाच्या डॉक्टर. त्यांनी बघितलं, जखमेतला नमुना तपासायला पाठवला आणि निदान झालं: जननेंद्रियाचा हर्पीस. मी महाराजांची महती सांगितली.

"काका, तुम्ही घरी नुसते झोपून राहिला असता तरी जखमा भरल्या असत्या," त्या म्हणाल्या. "महाराज आठ-दहा दिवस सांगतात, कारण तेवढे दिवस तसेही लागतात. परत आलं की बहीण. आणि 'कोणाला सांगू नका' हे त्यांचं पथ्य कशासाठी, तर लोकांनी एकमेकांना विचारून भांडं फुटायला नको."

मग त्यांनी समजावलं: नागीण निराळी, ती कांजिण्यांच्या विषाणूने होते. हा त्याचा भाऊबंद. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो, कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. चुरचुरायला लागताच गोळ्या सुरू केल्या तर लवकर आवरतो. वारंवार आला तर रोजची गोळी असते. जखमा असताना संबंध नाही, एरवी निरोध, कारण कातडी साफ दिसली तरी लागण होऊ शकते. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, तेव्हा कोणाकडून आला हे बहुधा सांगता येत नाही. काकूंना मात्र आजच सांगा, म्हणाल्या.

गोपिका मेथी निवडत होती. मी भाषण तयार करून नेलं होतं. दुसऱ्या वाक्यातच ते संपलं. तिने जुडी खाली ठेवली.

"आपली पायल जन्मली तेव्हापासून मले असंच होते," ती म्हणाली. "अंगातली गर्मी समजून धने-जिऱ्याचं पाणी पिऊन राहिली मी इतकी वर्षं."

मला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"तुमाले काहून सांगू? तुम्ही तं कोणावरही लेख लिहिता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. कोणी कोणाला दिला, ते विषाणूलाच ठाऊक. म्हणून सांगतो: जखम दाखवा, तपासून घ्या, घरच्या माणसाशी बोला. 'कोणाला सांगू नका' हेच औषध म्हणून कोणी देत असेल, तर त्याला आधी 'काहून' विचारा.

हे छापायला गोपिकेची परवानगी आहे. मात्र तिचं माहेर सावनेरचं. सावनेरच्या वाचकांनी कृपया हे पान न वाचता उलटावं.