कपाट हलवल्यानंतर

ठिणगी हे नाव मावशीने ठेवलं होतं. मावशी म्हणजे शाळेतली मदतनीस. बालवर्गातल्या प्रत्येक मुलाला आपल्या पसंतीचं एक नाव द्यायचा मान तिने स्वतःच स्वतःकडे घेतलेला होता. एक मुलगा गोगलगाय होता. एक मुलगी घड्याळ होती, कारण 'आई कधी येणार' हे ती दर थोड्या वेळाने विचारायची. ठिणगीला ते नाव मिळालं तिच्या चपळपणामुळे. भरभर चालणं, भरभर बोलणं, भरभर हसणं. तेव्हा ती कुणाला चावत नव्हती.

चावणं नंतर सुरू झालं, वर्ष अर्धं सरल्यावर. मग कधी याच्या तर कधी तिच्या दंडावर दातांची गोल नक्षी उमटू लागली. वेळ बहुतेक ठरलेली: डबा खायच्या आधी, हात धुवायच्या गडबडीत. तेव्हा वर्गाच्या बाई नळापाशी उभ्या असायच्या. एवढ्याशा मुलांना बाह्या वर करता येत नाहीत, साबण डोळ्यांत जातो, नळ उघडता येतो पण बंद करता येत नाही. ती जागा सोडून चालायचंच नाही. मागून किंकाळी आली की बाई ओल्या हातांनी तशाच वळायच्या. पाहावं तर जमिनीवर ठोकळे विखुरलेले, एखादं मूल दंड धरून रडतंय आणि ठिणगी मुठी आवळून उभी. चेहरा लाल, डोळे कोरडे.

"का चावलीस गं?"

एरवी तोंडाला क्षणाची उसंत नसलेली पोर या एका प्रश्नावर गप्प व्हायची.

"दात कशासाठी असतात?"

"खायला."

"मग?"

त्या 'मग'वर ती जमिनीकडे बघायची. ठोकळ्यांकडे बघायची, असं बाईंना पुढे कळलं. तेव्हा त्यांना ती मान खाली घालते आहे, असंच वाटलं होतं.

"बाई, हिच्या दातांना काहीतरी काम लावून द्या," मावशी म्हणायची. "खडूची खोकी उघडायला मला रोज कात्री सापडत नाही."

बाईंना हसू यायचं, पण दारात उभ्या असलेल्या पालकांना येत नव्हतं. एका मुलाचे वडील एकदा अगदी शांतपणे म्हणाले, "सकाळी अख्खा सोडतो. दुपारी अख्खा परत मिळावा, एवढंच."

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच सुमारास ठिणगीचे वडील घर सोडून गेले होते. तिची आई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची, फ्रेमच्या मापाच्या करायची. मुलीला घ्यायला यायची तेव्हा तिच्या बाह्यांच्या घडीत पांढरी भुकटी अडकलेली असायची. तिने स्वतःहूनच बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ते आता आमच्यात राहत नाहीत. तुम्हाला ठाऊक असलेलं बरं." बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला होता. पुढे चावणं सुरू झालं तेव्हा त्यांना फार विचार करावाच लागला नाही. उत्तर आधीच हातात होतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली होती, पण ती कुणाच्या लेखी गोष्टच नव्हती. वर्गातलं बुटकं कपाट हललं होतं.

गोष्टींच्या पुस्तकांचं ते कपाट आधी खोलीच्या मधोमध आडवं असायचं. त्याच्या पाठीमागे भिंतीशी एक कोनाडा तयार झाला होता आणि तिथे ठोकळ्यांची पेटी होती. एक दिवस मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, फेरीवर आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "तुमच्या वर्गात आडोसे फार आहेत. पालक आले की त्यांना सगळं एका नजरेत दिसायला हवं." त्याच दुपारी बाईंनी आणि मावशीने मिळून कपाट ढकलत ढकलत भिंतीला लावलं. खोली एकदम मोठी वाटू लागली. मोठ्या बाईंनी दुसऱ्या वर्गांच्या शिक्षिकांना मुद्दाम आणून दाखवली. बाईंनाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं होतं.

ठोकळ्यांची पेटी मात्र होती तिथेच राहिली. आता ती दाराच्या आणि नळाच्या बरोबर मध्ये, उघड्यावर आली होती.

शेवटी बैठक बोलवावी लागली. मोठ्या बाईंच्या खोलीत ठिणगीचे वडील आले, त्यांच्याबरोबर ठिणगीची आत्या आली, आणि वेगळ्या दारातून यावं तशी आई आली. वडील वाईट माणूस नव्हते. दाढी गुळगुळीत करून, शाळेला जाताना घालावा तसा शर्ट घालून आले होते आणि बोलताना सारखे स्वतःच्याच बोटांकडे बघत होते. बोलणं आत्याचं होतं. तिचं दुसऱ्या गावी घर होतं, दोन मुलं होती, नवरा संध्याकाळी वेळेवर घरी यायचा. "आमच्याकडे राहू दे हिला," ती म्हणाली. "वहिनी दिवसभर दुकानात. पोरीला बघायला कोण? माणसाचं मूल आहे, चावायला लागलं म्हणजे कुठेतरी काहीतरी कमी पडतंय ना?"

"मी कमी पडत नाही," आई म्हणाली. पण इतक्या हळू, की ते तिने स्वतःलाच सांगितल्यासारखं झालं.

मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई काय म्हणाल्या ते पुढे त्यांना शब्दन् शब्द आठवत राहिलं. "घरातली उलथापालथ मुलांच्या वागण्यात उतरते. थोडं स्थिर वातावरण मिळालं तर फरक पडेल." मुलीला आईपासून तोडा, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांना एक शहाणं, सगळ्यांना पटेल असं वाक्य म्हणायचं होतं. आत्याने ते तिथल्या तिथे उचललं. "बघा, बाईच म्हणतायत."

बाहेर जिन्यात आईने त्यांना गाठलं.

"बाई, खरंच माझ्यामुळे होतंय?"

"तुमच्यामुळे असं नाही," बाई म्हणाल्या, "पण..."

त्या 'पण'च्या पुढे त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तरी आईला तेवढं पुरलं. तिने मान हलवली, पर्स खांद्यावर नीट केली आणि ती खाली उतरून गेली.

ठिणगी आत्याकडे गेली त्या दिवशी ती अगदी खुशीत होती, कारण तिला आगगाडीत बसायचं होतं. तिने सगळ्यांना आपली नवी बॅग दाखवली. गोगलगायीला म्हणाली, "मी आले ना, की तुला आणेन काहीतरी." आई दाराशी उभी होती. लेकीच्या केसांची क्लिप तिने काढली, परत लावली, परत काढली.

काही आठवड्यांनी आई शाळेत आली, खुंटीला राहिलेला ठिणगीचा ॲप्रन न्यायला. "तिकडच्या शाळेत घातलंय तिला," ती म्हणाली. "चावत नाही. एकदासुद्धा नाही, असं वन्सं म्हणाल्या." ॲप्रनची घडी घालता घालता ती थांबली. "म्हणजे तुमचं बरोबर होतं."

बाईंना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पोर बरी आहे, आणि आपण चुकलो नाही.

त्या आठवड्यात बाईंनी मुलांना बी रुजवून दाखवलं. दोन वाट्या, दोन्हीत ओला कापूस, दोन्हीत सारखेच दाणे. एक वाटी खिडकीत, एक अंधारात. बाई विज्ञान शिकलेल्या होत्या आणि हा प्रयोग त्यांचा लाडका होता.

"दोन्हीला पाणी सारखंच का द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"नाहीतर एकीला राग येईल," घड्याळ म्हणाली.

"नाहीतर कळणारच नाही की उजेडामुळे झालं की पाण्यामुळे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." मुलांनी माना डोलावल्या. मुलं कशालाही माना डोलावतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंची कंबर धरली. नळापाशी वाकणं जमेना, म्हणून त्यांनी मावशीला तिथे उभं केलं आणि स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. हात धुवायच्या वेळी पूर्ण वर्ग समोरून पाहायची त्यांची ती पहिलीच वेळ.

ठोकळ्यांपाशी गोगलगाय होता. ठिणगी गेल्यापासून तिची जागा त्याला मिळाली होती. गोगलगाय म्हणजे ढकललं तरी 'सॉरी' म्हणणारा मुलगा. त्याने मांडी घालून काहीतरी उभं केलं होतं, उंच, चारी बाजूंनी सारखं, आणि वरचा ठोकळा ठेवताना तो श्वास रोखून बसला होता. बाईंनी घंटा हलवली. हातातलं आटपा, असं आधी सांगायची या वर्गात पद्धत नव्हती. घंटा झाली की उठायचं. मुलं दाराजवळच्या सतरंजीवरून उठली आणि नळाकडे धावली. कुणाच्या मनात काही नव्हतं. वाट सरळ होती आणि सरळ वाटेत गोगलगायीचं बांधकाम होतं. पहिल्या मुलाचा पाय कोपऱ्याला लागला, दुसऱ्याने ते पाडलं, बाकीची त्यावरून गेली. कुणी मागे वळून बघितलंही नाही.

गोगलगायीने एकदा बाईंकडे पाहिलं. मग समोरून जाणारा जो पहिला हात दिसला, तो त्याने धरला आणि चावला.

"अगं बाई," मावशी नळावरून म्हणाली. "याला कुणाचा वारा लागला?"

बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. उठायला हवं होतं, मूल रडत होतं. पण त्यांची नजर दारापासून नळापर्यंत जात होती आणि पुन्हा दारापर्यंत येत होती. मग ती भिंतीला लागलेल्या कपाटावर जाऊन थांबली.

शाळा सुटल्यावर त्या तडक चष्म्याच्या दुकानात गेल्या. मागच्या खोलीत चाक फिरत होतं, त्यावर पाण्याची धार पडत होती. आईने चाक बंद केलं, हात पुसले आणि स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. कपाट, पेटी, वाट, गोगलगाय. सांगताना आपण ते फार व्यवस्थित, एकापुढे एक सांगतो आहोत, याचीच त्यांना लाज वाटत होती.

आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तिचं बांधलेलं मोडायचं, म्हणून."

"हो."

"रोज?"

"जवळजवळ रोज."

"आणि मी तिला रात्री मांडीवर घेऊन विचारायचे, बाबा गेले म्हणून राग येतो का गं तुला." तिने टेबलावरची एक काच उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. "ती म्हणायची, नाही. मला वाटायचं, खोटं बोलते."

"मी त्यांना सांगते," बाई म्हणाल्या. "आत्ता, तुमच्यासमोर फोन करते."

त्यांनी केला. वडिलांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात, स्थिर वातावरण. ते मिळालं आणि ती सुधारली. आता म्हणता, कपाटामुळे."

"तिकडे आमची ती खोलीच नाही. म्हणून चावत नाही. आईचा यात काही संबंध नव्हता."

"हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

त्यांच्याकडे फक्त गोगलगाय होता. ठिणगीच्या बाबतीत सगळं एकदम बदललं होतं: खोली, घर, गाव, आई. आता कशामुळे काय झालं, हे कुणीही सिद्ध करू शकत नव्हतं. त्यांना स्वतःला खात्री होती. पण त्या दिवशी बैठकीतही त्यांना खात्रीच होती.

"तिला तिथे मैत्रीण मिळालीय," वडील म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "रोज तिच्याबरोबर जाते. आता परत उचलायचं? तुम्हीच सांगा, मुलांच्या बाबतीत हे चांगलं का?"

उत्तर बाईंना माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तिने हात पुढे करून फोन मागितला आणि म्हणाली, "राहू दे. नका हलवू." मग थोडं थांबून, "झोपताना पांघरूण पायाखाली खोचून द्यायला सांगा वन्संना. नाहीतर ती जागी होते." फोन ठेवल्यावर तिने चाक पुन्हा सुरू केलं. त्या आवाजात बोलता येत नव्हतं. बाई निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आणि मावशीने कपाट ओढत ओढत पूर्वीच्या जागी आणलं. मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "छान मोकळं झालं होतं की." बाई म्हणाल्या, "असू दे असंच." त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मोठ्या बाईंनी पुढे विषय काढला नाही. गोगलगाय त्यानंतर कुणाला चावला नाही.

एका संध्याकाळी, शाळा रिकामी झाल्यावर, ठिणगीची आई आली. "खोली बघायची होती," म्हणाली. बाईंनी दिवा लावला. ती कपाटाला वळसा घालून पलीकडे गेली आणि ठोकळ्यांच्या पेटीपाशी जमिनीवर बसली. एक एक ठोकळा काढून, कडा बोटांनी चाचपून बघत राहिली, काच तपासावी तशी.

"ती काय बांधायची?" तिने विचारलं.

बाई कपाटाला वळसा घालून तिच्याजवळ आल्या.

"घर बांधायची? का उंच काही? तिला जिने आवडायचे."

बाईंनी आठवून पाहिलं. किंकाळी आठवली, हातांवरचा साबण आठवला, कोरडे डोळे आठवले. त्यांनी ते कधी उभं पाहिलंच नव्हतं. त्या वळायच्या तेव्हा खाली नुसते ठोकळे असायचे.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

आईने मान हलवली. मग ठोकळे एकावर एक नीट रचून तिने पेटीत भरायला घेतले.