कुंडीतलं झाड

पानाच्या बुडाशी एक तपकिरी ठिपका होता. काल नव्हता, की होता आणि आपणच नीट पाहिला नव्हता... करिश्मानं फिश टँकच्या काचेला नाक जवळजवळ टेकवलं. हिरवंगार पान, कडेनं पांढरी रेघ, आणि खाली, जिथं ते दांड्याला चिकटलेलं होतं तिथं, चहाचा थेंब सांडून वाळावा तसा डाग. तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं चांगलं नाही हे तिला लगेच कळलं, आणि कळूनही तिनं ते तसंच राहू दिलं.

तिचा नवरा भारत पहिल्या पाळीला गेला होता. कुरकुंभहून कंपनीची बस त्याला दुपारी चौकात सोडेल, मग तो घरी येईल, आणि बूट काढायच्याही आधी या चौकोनी पाण्यासमोर बसेल. चहा पुढं केला की मान न वळवता हात लांब करील. दिवसभर कंपनीत काय झालं, कुणाशी वाजलं, डबा पुरला का – यातलं काही नाही. बोलला तर एकच. शायना म्हणते, सगळं पाणी एकदम बदलायचं नसतं. शायना म्हणते, खाणं चिमटीभरच टाकायचं. शायना म्हणते... दौंडात भाजी मंडईमागच्या गल्लीत माशांचं दुकान आहे. मेहमूदचाचा आजारी पडल्यापासून त्यांची ही मुलगीच ते सांभाळते. करिश्मानं तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नव्हतं म्हणूनच ती रोज थोडी जास्त देखणी होत चालली होती. भांडी घासताना, कणीक मळताना ती डोळ्यांसमोर येऊन उभी राहायची आणि करिश्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अगं, मासेच तर विकते ती, ती स्वतःला बजावायची. मग तुला एवढं का जळायला होतं?

हे झाडही तिथूनच आलं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी भारतनं ते प्लास्टिकच्या कपातून काढलं, मुळांभोवतीचा स्पंज सोडवला आणि हातात धरून तिला दाखवलं. नवीन माल आलाय, बघ जरा, असं काहीतरी म्हणाला. ते झाड त्याच्या मुठीत ताठ उभं होतं. पाण्यातलं झाड बाहेर काढलं की ओल्या फडक्यासारखं तळहातावर आडवं पडतं. हे उभं होतं, कारण हे पाण्यातलं नव्हतंच. न्हावऱ्याला वडलांच्या, आबांच्या, रोपवाटिकेत, हिरव्या जाळीखाली, अशी झाडं कुंड्यांतून रांगेनं ठेवलेली असतात – दवाखान्यांसाठी, बँकांसाठी. लहानपणापासून तिनं त्यांना पाणी घातलं होतं, आणि जास्त घातलं म्हणून आबांची बोलणीही खाल्ली होती. बुडवून ठेवलं तर हे आतून सडणार, पाणी नासणार, आणि मग मासे... एका नजरेत तिला सगळं कळलं होतं.

तिनं झाडाकडं पाहिलं, भारतकडं पाहिलं, आणि भाकरी करपेल म्हणून आत निघून गेली.

भाकरी अजून थापलीही नव्हती. सडू दे, असं तिला वाटलं होतं. तिनं दिलेलं, तुझ्या डोळ्यांदेखत सडू दे, म्हणजे कळेल तुला तुझ्या शायनाला किती कळतं ते.

परवा एक मासा वर तरंगला. नारिंगी, शेपटीला पांढरा ठिपका असलेला. भारत त्याला मुकादम म्हणायचा, कारण तो बाकीच्यांच्या मागंमागं हिंडायचा. भारतनं त्याला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि हात धुऊन जेवायला बसला. त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. तिनं आमटी वाढली. आता बोलावं असं वाटलं, पण आता बोलणं म्हणजे महिनाभर मूग गिळून का बसलीस याचं उत्तर देणं... आज सकाळपासून उरलेले दोघंही पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून होते, उघडमीट, उघडमीट, आणि तिला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मग ती चप्पल घालून बाहेरच पडली. माशांसाठी जातेय, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर वाक्य तयार होतं. चार गिऱ्हाइकांदेखत म्हणायचं: हे कुंडीतलं झाड आहे, पाण्यातलं म्हणून विकता, लाज वाटत नाही? मंडईतून जाताना तिनं ते मनात घोळवून घोळवून चांगलं धारदार केलं.

दुकान अंधारं होतं. हिरवट टाक्या, लव्हबर्डांची किचकिच, टांगलेले कुत्र्यांचे पट्टे. शायनानं ओढणी कमरेला खोचली होती, हात कोपरापर्यंत ओले, दात किंचित पुढं. देखणी आहे की नाही हे करिश्माला ठरवताच येईना, आणि त्याचाही राग आला. कडेच्या टाकीत तीच झाडं, पांढऱ्या काठाची, ओळीनं बुडवलेली. एक माणूस त्यातली दोन पिशवीत घालून निघाला होता. करिश्मानं तोंड उघडलं, आणि आधी नुसतं आपण कोण, कुणाच्या घरातली, एवढंच बाहेर पडलं.

शायनाचा चेहरा उजळला. तिनं हात पुसले, स्टूल पुढं सरकवलं.

"वहिनी, तुम्ही व्हय? न्हावऱ्याच्या पोपटराव नर्सरीवाल्यांच्या? भारतदादा तुमचं लई सांगत्यात. रोपाचं नुसतं पान बघून मिरची तिखट निघंल का फिकी, ते सांगता म्हणं तुम्ही."

करिश्मा स्टुलावर बसली. हे मी त्याला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा तो टीव्ही बघत होता. 'हं' सुद्धा म्हणाला नव्हता.

तिनं टाकीकडं बोट केलं. ही झाडं... एवढंच म्हणाली.

"ती तुमच्यामुळंच ठेवलीत की," शायना म्हणाली. "माल पुण्यावनं येतो, पाण्यात टिकतंय का न्हाई, मला बी खात्री नव्हती. तसं दादांना बोलले बी मी. तर दादा म्हणले, माझ्या बायकोनं बघितलंय. सासऱ्यांचं बी असंच हाय, माल खराब असला तरच बोलत्यात. ती काय बोलली न्हाई, म्हंजी झाड चांगलं हाय. तवापासनं मी गिऱ्हाइकाला बिनघोर देते."

आबा... ट्रेच्या रांगांमधून हात मागं बांधून जाणारे आबा. चांगल्या रोपाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. ज्या ट्रेपाशी बोलले तो उकिरड्यावर जायचा. ज्यापाशी गप्प राहिले तो शेतकरी न विचारता टेम्पोत चढवायचे. भारत तिला बघायला आला तेव्हा रोपवाटिकेच्या जाळीपाशी उभा राहून हे बघत होता, एवढं तिला आठवत होतं. त्यातून तो काही शिकला असेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

तिनं शायनाला सांगितलं. घोळवलेलं वाक्य नाही. नुसतं, हे जमिनीवरचं झाड आहे, काढून कुंडीत लावा, काही जगतील. मग दादांना का नाही सांगितलंत, असं शायनानं विचारलं नाही. तिनं नुसती ओढणी सारखी केली आणि टाकीत हात घातला, आणि करिश्माला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

घरी येऊन तिनं झाड उपटलं. वरचा भाग ताठ होता, खालचा हातातच बुळबुळीत होऊन तुटला, आणि वास आला. वर्तमानपत्रावर ते ठेवून ती बसून राहिली. भारत त्या बाईबद्दल तिथं बोलतो – जिला नुसत्या पानावरून कळतं, जिच्या गप्प राहण्यावर डोळे झाकून माल घ्यावा. कसा बोलत असेल? हसून? स्टुलावर बसून, हात हलवत? मला तो आवाज माहीत नाही. शायनाला माहीत आहे, त्या लव्हबर्डांना माहीत आहे...

भारत आला. बूट न काढता समोर बसला, आणि मग त्याला पाण्यातली मोकळी जागा दिसली, आणि वर्तमानपत्र.

"कुंडीतलं झाड हाय ते," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

त्यानं झाड उचललं, बुडाकडचा काळा भाग अंगठ्यानं दाबून बघितला, आणि काही बोलला नाही. चहा पुढं केला तर हातही लांब केला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ ती लावू बघत होती, आणि तिच्या मनात शायना आता कुठंच नव्हती. तिला त्या दुसऱ्या बाईचा हेवा वाटत होता, भारतच्या दुकानातल्या बोलण्यातल्या, पान बघून सगळं ओळखणाऱ्या. उद्या भारत मंडईमागच्या गल्लीत गेला, तर ती बाई त्याच्या बोलण्यात अजून असेल का, एवढंच ती पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत राहिली.