पंखावर उभी माणसं

न्यूजरूममध्ये तिला सगळे आक्का म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले कॅमेरामनही म्हणत आणि रागाच्या भरात संपादकांच्या तोंडूनही तेच निघे. दुपारचं बातमीपत्र तिचं. पडद्यावर ती कधीच दिसत नसे. काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये बसून ती निवेदकाच्या कानात बोलायची. समोरचं बटण दाबलं की तिचा आवाज थेट त्याच्या कानात, सोडलं की बंद. निवेदकाचा आवाज इतका खोल होता की त्याचं नावच खर्ज पडलं होतं. "आवाज माझा, अक्कल कानातून येते," असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

आक्काचे वडील विमानतळाच्या टॉवरमध्ये नियंत्रक होते. ती कॉलेजात असताना एका मालवाहू विमानाला अपघात झाला आणि त्या दिवसापासून टीव्हीवर एकच प्रश्न सुरू झाला: टॉवरमध्ये कोण झोपलं होतं? वडिलांचा फोटो दाखवायचे, त्याभोवती लाल गोल. दारात कॅमेऱ्यांची इतकी गर्दी, की आईला दूध आणायला बाहेर पडायची चोरी झाली. चौकशीचा अहवाल यायला दोन वर्षं लागली. नियंत्रकाने वेळेवर इशारा दिला होता, त्याची काहीही चूक नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या दिवशी मात्र दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. वडिलांनी बातम्या बघणंच सोडलं. मुलगी हट्टाने त्याच धंद्यात शिरली. आईने कपाळाला हात लावला, तेव्हा ती म्हणाली, "अगं, आत आपलं कुणीतरी असायला नको का?"

तर एका दुपारी बातमीपत्र निवांत चाललेलं असताना खबर येऊन आदळली. उतरायला आलेलं एक प्रवासी विमान विमानतळाजवळच्या खाडीत, दलदलीत गेलं होतं. आत शंभरावर माणसं. कुणीतरी गच्चीवरून काढलेला व्हिडिओ बघता बघता सगळीकडे पसरला. विमान खाली येतंय, समोर धावपट्टी आहे, आणि ऐन वेळी ते भलतीकडेच वळतंय. पुढे उंच लव्हाळ्याचं रान, त्याच्याआड ते दिसेनासं झालं आणि मग धुराचा एक लोट वर आला. व्हिडिओ तिथेच संपत होता.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर इतर वाहिन्यांचे पडदे होते. एकीने कॉम्प्युटरवर काढलेलं विमान पेटवून दिलं होतं. ते खाली पडायचं, फुटायचं आणि पुन्हा आकाशात जाऊन पुन्हा पडायचं. दुसरीवर चार तज्ज्ञ एकाच वेळी ओरडत होते. तिसरीने पट्टी चालवली, 'सर्व प्रवासी ठार?' निदान पुढे प्रश्नचिन्ह तरी होतं. थोड्या वेळाने तेही गळून पडलं.

"आक्का, आपण काय म्हणायचं?" जाहिरात लागताच खर्जने विचारलं.

"विमान दलदलीत उतरलंय, बचाव पथकं निघालीत. बस्स. उतरलंय म्हण, कोसळलंय म्हणू नकोस. कसं गेलं ते कुणी पाहिलेलं नाही."

"आणि माणसांचं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही असं म्हणू?"

"म्हण की. लाज कसली त्यात?"

तिने फोन उचलला आणि चिमणीला लावला. चिमणी म्हणजे तिची बातमीदार, चणीने एवढीशी, पण आवाज असा की माईक नसला तरी चालावं. ती गाडीत होती.

"आक्का, कॅप्टनचं नाव फुटलंय. बाई आहे. सगळे तिच्या घराकडे पळालेत. सासू दार उघडत नाहीये म्हणे. मीही तिकडेच वळतेय."

"वळू नकोस. खाडीवर जा."

"खाडीला रस्ता कुठेय? पोलिसांनी अलीकडेच अडवलंय सगळ्यांना."

"रस्ता माणसांना नसेल, खेकडे धरणाऱ्यांना असेल. त्यांच्या होड्या कुठून सुटतात ते बघ. बचाववाल्यांनीही त्यांनाच बोलावलं असणार. त्यांच्या आड येऊ नकोस, जागा असली तरच चढ."

चिमणीने गाडी खाडीकडे वळवायला सांगितली. "आणि त्या सासूबाई?"

"त्या बिचारीला दार लावून बसू दे."

एवढ्यात संपादक आत आले. माणूस वाईट नव्हता. पण मालकांचा फोन त्यांच्या कानाला चिकटलेला होता आणि त्या फोनने त्यांचा चेहरा पार उतरवला होता. "आक्का, आपण एकटेच मागे पडलोय. सगळे 'सर्व ठार' चालवताहेत. टाक पट्टी."

"कुणी सांगितलं, सर?"

"सगळे सांगताहेत!"

"ही वाहिनी त्या वाहिनीचं नाव घेतेय, ती हिचं. दोघी एकमेकींचं बघून लिहिताहेत. तिथे जाऊन कुणी बघितलंय का?"

"धूर दिसला ना सगळ्यांना? आणि ती बाई धावपट्टी सोडून वळली, तेही दिसलं. चूक कुणाची ते शेंबड्या पोरालाही कळेल. तिचा फोटो आलाय आपल्याकडे."

"लाल गोलसुद्धा काढून ठेवला असेल ना?"

संपादकांना आक्काच्या वडिलांची हकिकत ठाऊक होती. त्यांनी नजर चुकवली, पण फोन पुन्हा थरथरला तसे ते उसळले. "हे बघ, तुला जमत नसेल तर ऊठ. मी दुसऱ्या कुणाला बसवतो."

कर्ज, घर, नोकरी, सगळं आक्काच्या डोळ्यांपुढून गेलं. ती खुर्चीवरून उठली नाही. "बसवा, सर. पण मी इथे आहे तोवर ते वाक्य त्याच्या कानात जाणार नाही. त्या विमानातल्या कुणाची तरी आई आत्ता आपली वाहिनी लावून बसली असेल. तिला आपण काय सांगतोय ते जरा मनात म्हणून बघा."

बोलण्याच्या नादात तिचं बोट बटणावरच राहिलं होतं. काचेपलीकडे खर्जने सगळं ऐकलं होतं. जाहिरात संपली, लाल दिवा लागला. त्याने समोरचे कागद बाजूला सारले आणि कुणीही न सांगता बोलायला सुरुवात केली.

"इतर वाहिन्यांवर तुम्ही मृतांचे आकडे ऐकत असाल. ते कुठून आले, हे शोधायचा आम्ही प्रयत्न केला. आम्हाला त्यांचा उगम सापडला नाही, म्हणून आम्ही ते देत नाही. वैमानिक कोण, चूक कुणाची, हेही आम्ही सांगणार नाही, कारण ते ठरवणारे लोक अजून तिथे पोहोचलेलेही नाहीत. ज्यांची माणसं त्या विमानात आहेत, त्यांना एवढंच सांगतो. आत्ता या घडीला कुणालाच काही माहीत नाही. जो माहीत असल्याचं सांगतोय, त्यालाही नाही. आमचं माणूस खाडीकडे निघालंय. ते जे डोळ्यांनी बघेल, ते तुम्हाला सांगू. तोवर आम्हीही तुमच्यासारखीच वाट बघतोय."

संपादकांनी मालकांचा फोन हळूच बंद केला आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसले. "आक्का, अर्धा तास," ते म्हणाले. "त्यानंतर मला आवरता येणार नाही."

फोन वाजायला लागले. पहिला फोन एका बाईचा होता, तिचा नवरा त्या विमानात होता. फोन घेणारा धावत आला. "आक्का, रडतेय ती. थेट घेऊ या? कुणाकडेच नाहीये असं!"

"थेट नाही. दे इकडे."

आक्काने फोन कानाला लावला. पलीकडून घोगरा आवाज आला, "ताई, बाकी सगळ्यांनी त्यांना मारून टाकलंय हो. तुम्ही एकट्याच तसं म्हणत नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"नाही ताई. खोटं सांगणार नाही. मला काहीच ठाऊक नाही. पण ठाऊक नाही म्हणजे वाईटच असेल असं नाही. घरात कोण आहे तुमच्याजवळ?"

"दीर आहेत."

"त्यांना तुमच्याजवळ बसवा. आणि ते बाकीचे पडदे बंद करा."

तिने फोन ठेवला. पडद्यावर चिमणीची चौकट अजून काळीच होती. दलदलीत सिग्नल नव्हता. भिंतीवर ते कॉम्प्युटरचं विमान पुन्हा पुन्हा पडत होतं.

अर्धा तास संपत आला तेव्हा आक्काच्या कानात खरखर झाली. आधी फक्त पाण्याचा चुबकचुबक आवाज, मग होडीवाल्याचं काहीतरी ओरडणं, आणि मग चिमणी.

"आक्का! आक्का, ऐकू येतंय का?"

"बोल!"

"लव्हाळं संपलं. दिसतंय विमान! आडवं झालंय, शेपटी मोडलीय, पण... आक्का, पंखावर माणसं उभी आहेत!"

"काय?"

"पंखावर! उभी आहेत! रांगेने! हात हलवताहेत! अगं बाई, किती आहेत! एक आजोबा तर बॅग घेऊन उभे आहेत, बस यायची वाट बघत असल्यासारखे!"

आक्काने बटण दाबलं. ती एवढंच म्हणाली, "खर्जा, चिमणीला घे."

आणि मग चित्र आलं. हलतं, तिरकं, भिंगावर चिखल उडालेलं. राखाडी पाणी, हिरवं रान आणि मधोमध तो पांढरा पंख, त्यावर दाटीवाटीने उभी माणसं. खेकडेवाल्यांच्या चपट्या होड्या आणि बचाववाल्यांच्या रबरी होड्या एकमेकींना धक्के देत पंखाला लागत होत्या. धूर येत होता तो एका बाजूच्या इंजिनातून, विझत आलेला. खर्जने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चिरकला. "जिवंत आहेत," तो म्हणाला. "आम्ही डोळ्यांनी बघतोय. तुम्हीही बघा. जिवंत आहेत."

कंट्रोल रूममध्ये एकच कल्ला झाला. कुणी कुणाला मिठी मारली ते कुणालाच कळलं नाही. संपादक स्टुलावर चढून टाळ्या वाजवत होते. भिंतीवरच्या एकेका पडद्यावरून पेटतं विमान नाहीसं झालं, आणि थोड्याच वेळात त्या सगळ्या वाहिन्या चिमणीचंच चित्र उचलून दाखवू लागल्या, कोपऱ्यात आक्काच्या वाहिनीचं चिन्ह तसंच ठेवून. दुसरं चित्र कुणाकडे होतंच कुठे? बाकी सगळे कॅमेरे तर एका बंद दाराकडे तोंड करून उभे होते.

सगळ्यात शेवटी उतरली ती कॅप्टन. गणवेश चिखलाने माखलेला, कपाळावर खोक. चिमणी माईक घेऊन सरसावली.

"माईक खाली," आक्का तिच्या कानात म्हणाली. "आधी पाणी दे तिला. कारण विचारू नकोस."

चिमणीने माईक बगलेत मारला आणि बाटली पुढे केली. कॅप्टन गटागटा पाणी प्यायली. बोलले ते बॅगवाले आजोबा. "अहो, इंजिनं बंद पडल्यावर ती बाई आम्हाला काय म्हणाली ठाऊक आहे का? म्हणाली, धावपट्टी आता गाठता येणार नाही, मध्ये घरं आहेत. मी पाण्याकडे नेतेय, घट्ट धरून बसा. असं म्हणाली, जसं काही चहा ठेवतेय! आम्ही बसलो धरून."

सगळे वाचले. काहींची हाडं मोडली, आजोबांच्या बॅगेचं हँडल तुटलं, पण सगळे वाचले. तासाभरात बाकीच्या वाहिन्यांनी कोलांटी मारली. दुपारी जी खुनी होती ती संध्याकाळी देवी झाली. संपादकही भारावून आले. "आक्का, आपणही 'देवदूत' म्हणू या ना आता!"

"नको, सर. दुपारी दोष दिला नाही, आता हारही नको. चौकशी होऊ दे."

"तू म्हणजे ना!" संपादक म्हणाले, पण हसत.

घरी गेली तर टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. वडील पडद्याच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसले होते. इतक्या वर्षांनी. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "तुझ्या त्या खर्जाला सांग, दलदलीत उतरलं हे बरोबर बोलला. नाहीतर या लोकांना उतरणं आणि पडणं यातला फरक कधी कळत नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले. आक्का त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघांनी मिळून तीच बातमी पुन्हा तीन वेळा पाहिली.

चौकशीचा अहवाल आला तो पुढच्या वर्षी. इंधनात पाणी शिरल्याने दोन्ही इंजिनं बंद पडली होती. वैमानिकाने वस्ती टाळण्यासाठी विमान वळवलं, हा निर्णय अचूक होता, असं त्यात म्हटलं होतं. अहवाल जाहीर झाला त्या दालनात एकच कॅमेरा होता, चिमणीचा.

संपादकांनी स्वतःहून जाहिराती पुढे ढकलल्या. "अख्खं बातमीपत्र याचं," ते म्हणाले. "आणि मालकांना मी सांगतो." कॅप्टन स्टुडिओत आली, इस्त्रीच्या गणवेशात. खर्जने अहवालातलं एकेक पान सोप्या भाषेत उलगडलं. इंधन कुठे बिघडलं, कुठल्या क्षणी तिला कळलं, तिने काय काय पडताळून पाहिलं. त्या दुपारी एकटं ते बातमीपत्र बघायला जेवढे लोक बसले, तेवढे कुठल्याच वाहिनीचं पेटतं विमान बघायला कधी बसले नव्हते.

शेवटी खर्जने विचारलं, "त्या दिवशी तुमच्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते तुम्ही पाहिलंत?"

"मी कामात होते हो," ती म्हणाली.

स्टुडिओत सगळे खो खो हसले. कॅमेरामनने कॅमेरा सोडला आणि टाळ्या वाजवल्या, तशा ध्वनिवाल्यांनी, दिवेवाल्यांनी, सगळ्यांनी. चालू बातमीपत्रात टाळ्या वाजवायची सक्त मनाई असते. आक्काने बटणावरचं बोट उचललं आणि स्वतःही वाजवायला लागली.

कॅप्टनने घड्याळ पाहिलं, माईक काढून टेबलावर ठेवला आणि उठली. "माफ करा हं, संध्याकाळची फ्लाइट आहे. प्रवासी खोळंबतील."

तिला गाडीपर्यंत सोडायला सगळं युनिट जिने उतरून खाली आलं. सगळ्यांच्या पुढे होती ती आक्का.